चित्र कायमचे, शिक्षक तासापुरता

मागे आमच्या भागातील एका शाळेच्या स्नेहसंमेलनात एका सुविद्य सद्गृहस्थांशी आमचा वाद झाला. सद्गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले, वाचनाची आवड असलेले, दोन वेळा युरोप पाहून आलेले. लंडनच्या नॅशनल गॅलरीत चित्रे समजावून सांगणाऱ्या सत्तावीस जणांनी आपल्याच संस्थेविरुद्ध न्यायाधिकरणात दाद मागितली होती, ही हकिकत आम्ही त्यांना सांगत होतो. ती पुरी होण्याआधीच ते म्हणाले, “अहो, चित्रापुढे उभे राहून चार शब्द बोलायचे, यात नोकरी कसली आणि हक्क कसला? हे हौसेने करायचे काम. शिवाय खरे चित्र स्वतःच बोलते. मध्ये माणूस हवाच कशाला?”

हे मत त्यांचे एकट्याचे असते तर आम्ही चहाचा पेला संपवून विषय बदलला असता. पण हेच मत मोठमोठ्या कलादालनांचे विश्वस्त बाळगतात, सरकारे बाळगतात, आणि ज्या समाजाने शिक्षणावर आपले सर्वस्व उभे केले त्या आपल्या समाजातील शिकलेली माणसेही बाळगतात. म्हणून हे चार शब्द.

आधी हकिकत. नॅशनल गॅलरी ही ब्रिटिश जनतेच्या मालकीची संस्था. 1824 साली पार्लमेंटने मंजूर केलेल्या पैशातून अँगरस्टाइन नावाच्या धनिकाची अडतीस चित्रे सत्तावन्न हजार पौंडांना विकत घेतली गेली, आणि 1838 मध्ये ती ट्रॅफल्गर चौकातील इमारतीत आली. आज तेथे तेवीसशेहून अधिक चित्रे आहेत आणि ती पाहायला तिकीट नाही. या संस्थेत शाळांच्या वर्गांना, प्रौढांच्या गटांना, शिक्षकांना आणि दृष्टिहीनांनासुद्धा चित्रे उलगडून दाखवणारी मंडळी वर्षानुवर्षे काम करीत होती. त्यांतील कोणी दहा वर्षे काम केले होते, कोणी चाळीसहून अधिक. बरेच जण स्वतः चित्रकार, काही कलेतिहासाचे अभ्यासक. संस्थेचे ओळखपत्र त्यांच्या गळ्यात असे, संस्थेच्या प्रशिक्षणाला व बैठकांना त्यांना हजर राहावे लागे, पगारपत्रकातून त्यांचा कर कापला जाई. बाहेरून पाहणाऱ्याला तीच गॅलरी होती. ऑक्टोबर 2017 मध्ये त्यांना कळवण्यात आले की आजवर चालत आली ती व्यवस्था आता संपली. त्यांचे म्हणणे असे की त्यांच्याशी रीतसर विचारविनिमय झाला नाही. गॅलरीचे म्हणणे असे की आम्ही कोणालाच काढले नाही, अधूनमधून मिळणाऱ्या कामाच्या जागी आम्ही पक्क्या नोकऱ्या देऊ केल्या. पण ज्यांना कामावरून काढले असे म्हणायचे, ती माणसे मुळात संस्थेच्या नोकरीत होती का? नेमके येथेच पाणी मुरते. गॅलरीच्या मते ती स्वतंत्र व्यावसायिक होती. बोलावले की येणारी, न बोलावल्यास न येणारी.

सत्तावीस जणांनी लोकांकडून वर्गणी गोळा केली आणि दावा लढवला. 2019 च्या आरंभी निकाल लागला. इंग्लंडच्या कायद्यात काम करणाऱ्या माणसाच्या तीन पायऱ्या आहेत. सर्वांत वर नोकर, म्हणजे ‘एम्प्लॉयी’. त्याला अन्यायाने काढले तर दाद मागता येते. सर्वांत खाली स्वतंत्र व्यावसायिक, ज्याचा तोच धनी. या दोहोंच्या मध्ये ‘वर्कर’ नावाची एक पायरी आहे. तिच्यावर उभ्या असलेल्याला किमान वेतन, पगारी रजा, भेदभावापासून संरक्षण असे काही हक्क मिळतात, पण नोकरी जाण्याविरुद्धचा हक्क मिळत नाही. न्यायाधिकरणाने या शिक्षकांना मधल्या पायरीवर उभे केले. ते स्वतंत्र व्यावसायिक होते हा गॅलरीचा दावा टिकला नाही. परंतु ते नोकरही नव्हते, म्हणून नोकरीवरून काढण्याबाबतची त्यांची तक्रार तेथेच संपली. दोन वर्षांनी, फेब्रुवारी 2021 मध्ये, ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने उबरच्या टॅक्सीचालकांना हीच मधली पायरी दिली. टिशियन आणि रेम्ब्रांट समजावून सांगण्यात आयुष्य घालवलेला माणूस आणि मोबाईलवर भाडे घेणारा चालक कायद्याच्या एकाच बाकावर बसले. टॅक्सीचालकाला आम्ही कमी लेखत नाही, त्याचा लढा न्याय्यच होता. आश्चर्य एवढेच वाटते की दोनशे वर्षांच्या राष्ट्रीय संस्थेने आपल्या शिक्षकांशी ठेवलेले नाते पाहायला गेले तर ते एखाद्या नव्या ॲपने चालकाशी ठेवलेल्या नात्याहून फारसे निराळे निघाले नाही.

आता सद्गृहस्थांच्या ‘चार शब्दां’कडे वळू. कलादालनातील शिक्षक नेमके करतो काय? (इंग्रजीत त्याला ‘एज्युकेटर’ म्हणतात. मराठीत त्याला रूढ शब्द नाही, कारण आपल्याकडे ते कामच फारसे रूढ नाही. ‘मार्गदर्शक’ म्हटले की छत्री वर धरून पुढे चालणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. आम्ही आपले सरळ शिक्षकच म्हणू.)

होल्बाइनचे 1533 मधील ‘राजदूत’ हे चित्र त्याच गॅलरीत आहे. सात फुटांच्या आसपास उंच आणि तेवढेच रुंद. एका दुघडी मेजाच्या दोन बाजूंना दोन पुरुष उभे आहेत. एक फ्रान्सचा राजदूत, दुसरा त्याचा मित्र, पंचविशीतला बिशप. मेजावर गालिचा, पृथ्वीचा गोल, आकाशाचा गोल, छायायंत्रे, पुस्तके, एक तंतुवाद्य. वर्गातील तीस मुले समोर जमिनीवर बसली आहेत. त्यांची नजर प्रथम रेशमावर आणि केसाळ अस्तराच्या झग्यावर जाते, मग कोणीतरी विचारते, की खाली पायांशी तिरकस पसरलेली ती राखाडी वस्तू काय आहे? मासा? पाव? लाकडाची ढलपी? वाईट शिक्षक लगेच उत्तर सांगून मोकळा होतो. चांगला शिक्षक उत्तर सांगत नाही. तो एका मुलाला उठवतो, चित्राच्या उजव्या बाजूला, अगदी भिंतीलगत नेऊन उभे करतो आणि म्हणतो, “आता येथून बघ.” त्या कोनातून राजदूत चपटे होऊन जातात आणि राखाडी ओरखडा भरून येऊन मानवी कवटी होतो. मुलाच्या तोंडून नकळत आवाज निघतो, आणि उरलेली एकोणतीस मुले रांग लावतात. नंतर शिक्षक सर्वांना पुन्हा समोर बसवतो आणि विचारतो, “आणखी काही लपलेले आहे का?” बराच वेळ जातो. कोणाला तंतुवाद्याची तुटलेली तार दिसते. शेवटी एखाद्या मुलीला डाव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यात, हिरव्या पडद्याच्या कडेला, अर्धा झाकलेला क्रूस दिसतो.

हा तास अर्धा-पाऊण तासाचा असतो. त्यात सांगितलेली वाक्ये कदाचित वीस असतील. पण कोणती वीस सांगायची आणि कोणती शंभर गिळायची हे ठरवायला वीस वर्षे लागतात. चित्राची माहिती हा त्या विद्येचा सोपा भाग. कठीण भाग मुलांचा. कोणते मूल गप्प आहे कारण त्याला कंटाळा आला, आणि कोणते गप्प आहे कारण त्याला काहीतरी दिसले पण ते सांगायला भाषा नाही, हे ओळखणे. चुकीचे उत्तर न हिणवता ते पुढच्या प्रश्नाची पायरी करणे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात 1983 ते 1993 या काळात शिक्षणविभाग सांभाळणारे फिलिप येनावाइन आणि मानसशास्त्रज्ञ ॲबिगेल हाउसेन यांनी या विद्येचा सांगाडा फक्त तीन प्रश्नांत बसवला: चित्रात काय चालले आहे, तुला तसे कशावरून वाटते, आणि आणखी काय सापडते. प्रश्न बालवाडीतले वाटतात. सद्गृहस्थांनी ते तीस मुलांपुढे एकदा विचारून पाहावेत, दुसऱ्या प्रश्नाला घसा कोरडा पडेल.

‘चित्र स्वतःच बोलते’ या वाक्याचाही येथेच समाचार घेतला पाहिजे. ते बोलते, हे आम्ही नाकारीत नाही. दुसऱ्या महायुद्धात नॅशनल गॅलरीची चित्रे वेल्समधील एका पाटीदगडाच्या खाणीत सुरक्षित ठेवली होती आणि लंडनच्या भिंती रिकाम्या होत्या. 1942 मध्ये लोकाग्रहास्तव दर महिन्याला एक चित्र परत आणून मांडायचे ठरले, तेव्हा त्या योजनेत पहिला मान मिळाला टिशियनच्या चित्राला. पुनरुत्थित प्रभू आणि त्याला पाहून पुढे झेपावलेली मरिया मग्दालिया. बॉम्बच्या सावलीत लोक ते पाहायला गेले, आणि त्या माणसांशी ते चित्र बोलले यात शंका नाही. परंतु त्या लंडनकरांना ती कथा लहानपणापासून पाठ होती. चित्र त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलत होते.

आजच्या लंडनच्या वर्गात बसलेले मूल बांगलादेशातून आलेल्या कुटुंबाचे असेल, सोमालियातून आलेल्या कुटुंबाचे असेल, किंवा तीन पिढ्या चर्चची पायरी न चढलेल्या इंग्रज घरातले असेल. त्या गॅलरीतील जुन्या चित्रांचा मोठा हिस्सा वेद्यांवरून, प्रार्थनागृहांतून, मठांतून आलेला आहे. काराव्हाज्जोच्या 1601 च्या ‘एम्माउस येथील भोजना’समोर त्या मुलाला काय दिसते? मेजाभोवती तीन बसलेली आणि एक उभा माणूस. बसलेल्यांपैकी एक दोन्ही हात असे फेकतो की एक पंजा थेट आपल्या अंगावर येतो. दुसरा खुर्चीचे हात पकडून उठू पाहतो, त्याच्या बाहीला कोपरावर भोक पडले आहे. फळांची करंडी मेजाच्या कडेवर अशी टेकली आहे की आता पडेल. मधला तरुण, ज्याला दाढीही नाही, भाकरीवर हात धरून आहे. एवढे दिसते, आणि हे सारे एवढे का दचकले हे कळत नाही. उभा असलेला खानावळवाला आणि ते मूल एकाच पंगतीतले, कारण खानावळवाल्यालाही काही कळलेले नाही. त्याने टोपीसुद्धा काढलेली नाही.

येथे शिक्षकाची खरी कसोटी लागते. त्याला सांगावे लागते की ज्याला तीन दिवसांपूर्वी मारले आणि पुरले, तोच हा, आणि भाकर मोडण्याच्या त्याच्या पद्धतीवरून मित्रांनी त्याला या क्षणी ओळखले. हे सांगताना त्याने प्रवचन करायचे नाही, कारण समोरच्या मुलाचा धर्म निराळा आहे. आणि धर्म झाकायचाही नाही. ‘ही एक जेवणाची पंगत आहे, छायाप्रकाश बघा’ असे म्हणून सुटका करून घेणे म्हणजे मुलाला चित्राच्या दारातून परत पाठवणे. दुसऱ्याची श्रद्धा तिसऱ्याला, कोणाचाही अवमान न करता आणि काहीही पातळ न करता समजावून सांगणे हे आपल्या बहुधर्मी देशात किती जणांना जमते? (सतराव्या शतकातील टीकाकार बेल्लोरी याने कुरकुर केली होती की पुनरुत्थानाच्या दिवसांत ही शरद ऋतूतली फळे आली कोठून? असला प्रश्न आजही एखादे मूल विचारू शकते, आणि त्या क्षणी शिक्षकाचे पोट आनंदाने भरते.) भिंतीवरील पाटी हे करू शकत नाही. कानाला लावायचे यंत्र सर्वांना एकच गोष्ट सांगते. कोण रडवेले झाले, कोण हसले, हे त्याला दिसत नाही.

नॅशनल गॅलरीची चित्रे धुळीधुराच्या ट्रॅफल्गर चौकातून हलवून शुद्ध हवेच्या उपनगरात न्यावीत का, याचा खल एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बराच झाला. त्या संदर्भात 1857 साली न्यायमूर्ती कोलरिज यांनी मत मांडले होते की चित्रे जपून असणे हे संग्रहाचे साध्य नव्हे, ते लोकांना उन्नत करणारा आनंद देण्याचे साधन आहे. चित्रे धुरात राहिली पण लोकांत राहिली. हे तत्त्व एकदा मान्य केले की हिशेब उलटतो. चित्र टिकवणारा तज्ज्ञ, चित्र विकत घेणारा अधिकारी, चित्रावर ग्रंथ लिहिणारा विद्वान, हे सारे साधनाची निगा राखणारे आहेत. साध्याच्या जागी उभा असतो तो शिक्षक. आणि संस्थेच्या पक्क्या हजेरीपटावर सर्वांत आधी कोणाचे नाव पुसट होते? त्याचेच.

2020 च्या वसंतात करोनाची साथ आली तेव्हा न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने, ज्याचा उल्लेख वर आलाच आहे, आपल्या कंत्राटी शिक्षकांची कंत्राटे संपवली आणि पत्राने कळवले की त्यांची गरज पुन्हा भासायला महिने, कदाचित वर्षे लागतील. जगातील श्रीमंत संग्रहालयांपैकी ते एक. त्याच्या भिंतींवरील एकही चित्र त्या वर्षी ‘गरज नाही’ म्हणून रस्त्यावर ठेवले गेले नाही.

यावर सद्गृहस्थांचा दुसरा पक्ष उभा राहतो: हे काम हौसेने, सेवा म्हणून करावे. या पक्षाला अमेरिकेत मोठी परंपरा आहे. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये 1961 पासून विनावेतन शिक्षकांची एक फळी होती. प्रदीर्घ प्रशिक्षण घेतलेली, अभ्यासू, जीव ओतून काम करणारी ही मंडळी बहुतांशी सुस्थितीतील गोऱ्या स्त्रिया होत्या. सप्टेंबर 2021 मध्ये संस्थेने ती फळी मोडली आणि तिच्या जागी हळूहळू वेतन घेणारे शिक्षक आणण्याचे जाहीर केले. कारण असे दिले की फुकट काम करणे ज्यांना परवडते तेच या कामात येतात, आणि शहरातील इतरांना दार बंद होते. त्यावरून गदारोळ झाला. ऐंशीच्या वर बायापुरुषांना एका पत्राने निरोप देणे हा अडाणीपणा होता असे आम्हालाही वाटते. कृतज्ञतेची एक रीत असते आणि ती पाळली गेली नाही. पण कारण खोटे नव्हते. जे काम फुकट होते ते श्रीमंतांचे होते आणि जे तासावर होते ते निरुपायाचे होते. ज्या मुलाला शिक्षक व्हायचे आहे आणि ज्याला महिनाअखेर घरभाडे भरायचे आहे, त्याला या दोहोंत जागा नाही.

‘सेवा’ हा शब्द आपल्या समाजात फार मोलाचा आहे, आणि म्हणूनच तो फार वापरला जातो. आपण शिक्षकाला म्हणतो, तुमचे हे व्रत आहे. परिचारिकेला म्हणतो, तुमचे हे पाचारण आहे. गायनवृंदाच्या मास्तरांना सणाला शाल देतो. व्रत असते, पाचारण असते, हे आम्ही मनापासून मानतो. पण ज्याने व्रत घेतले त्याने ते बोलून दाखवावे. ज्याने पगार द्यायचा आहे त्याने दुसऱ्याच्या व्रताकडे बोट दाखवून खिसा बंद करू नये. आपल्याच धर्मसभेने 1891 मध्ये, तेराव्या लिओंच्या परिपत्रकातून, न्याय्य वेतन ही उपकाराची नव्हे तर न्यायाची बाब असल्याचे जगाला सांगितले. ते कारखानदारांना सांगितले होते म्हणून कलादालनांना आणि शाळांच्या व्यवस्थापनांना लागू नाही, असा काही अपवाद आमच्या वाचनात नाही.

‘हे लंडन-न्यूयॉर्कचे प्रश्न, आपल्याला काय त्यांचे?’ असे कोणी म्हणेल, त्यांना एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या शाळेची मुले घेऊन मुंबईतील एका सार्वजनिक कलादालनात गेलो होतो. मुले एलिमेंटरीच्या परीक्षेला बसलेली. स्थिरचित्र आणि संकल्पचित्र काढून काढून त्यांची बोटे रंगली होती, पण खऱ्या चित्रासमोर त्यांतले एकही कधी उभे राहिले नव्हते. पहिल्या दालनात पहारेकऱ्याचे ‘हात लावू नका, पुढे सरका’ एवढेच शिक्षण मिळाले. दुसऱ्या दालनात एक तरुण बाई आल्या. त्यांनी मुलांना एका स्त्रीच्या मोठ्या तैलचित्रासमोर खाली बसवले आणि एक मिनिट कोणीच बोलायचे नाही असे सांगितले. मग विचारले, “या बाईंविषयी काय वाटते?” भरजरी साडी, दागिने, उंची खुर्ची. मुले म्हणाली, राणी आहे, शेठाणी आहे. आमच्या वर्गातला एक मुलगा, ज्याचे वडील वाडीत भाजी पिकवून पहाटेच्या गाडीने मुंबईला नेत, कधी तोंड न उघडणारा, तो म्हणाला, “बाई, हिचे कपडे पाहुण्यांचे आहेत, हात कामाचे आहेत.” बाईंनी विचारले, “कशावरून?” तो म्हणाला, “नखांवरून. माझ्या आईची तशीच आहेत.” सगळी मुले सरकत पुढे गेली. आम्हीही गेलो. ते चित्र आम्ही त्यापूर्वी तीनदा पाहिले होते, आणि हात पाहिले नव्हते.

पुढच्या वर्षी नव्या वर्गाला घेऊन जाण्याआधी आम्ही दूरध्वनी करून त्या बाईंची चौकशी केली. कार्यालयातून उत्तर आले, “त्या आमच्या नव्हत्याच. तासाच्या हिशेबाने येत असत.” उत्तर देणाऱ्याच्या आवाजात उर्मटपणा नव्हता. त्याला ती वस्तुस्थिती वाटत होती, आणि वस्तुस्थिती होतीही तशीच. त्या वर्षी आमची मुले चाळीस मिनिटांत सगळी दालने पाहून बाहेर आली आणि समोरच्या गाडीवर वडापाव खाऊन परतली.

कोणा एका कार्यालयाला दोष देऊन भागण्यासारखे नाही. खुद्द आपल्या कायद्याकडे पाहा. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला कोणते शिक्षक हवेत याची यादी आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांना विज्ञान-गणिताचा, सामाजिक शास्त्राचा आणि भाषेचा शिक्षक हवाच. पटसंख्या शंभरावर गेली की कलाशिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी शिक्षक हवेत, पण ते ‘अंशकालीन’. कला शिकण्याचा हक्क मुलाला दिला, पण शिकवणाऱ्याला पूर्ण दिवस दिला नाही. आपल्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवता शिकवता केस पांढरे झालेले प्राध्यापक प्रत्येक वाचकाच्या ओळखीत एखादा तरी असेल. लंडनचे सत्तावीस जण त्यांचे सख्खे भाऊबंद आहेत. फरक एवढाच की ते न्यायाधिकरणात गेले.

कलावंतांना मोकळीक आवडते, चाकरी नको असते, असेही म्हटले जाते. काहींना नको असतेच, त्यांनी ती घेऊ नये. मोकळीक निवडणे आणि मोकळे सोडले जाणे यांतील भेद मात्र रजा मागितल्यावर, आजारी पडल्यावर किंवा साठी उलटल्यावर चटकन कळतो.

आमची मागणी लहान आहे. सार्वजनिक पैशावर चालणारे प्रत्येक कलादालन आपल्या वार्षिक अहवालात त्या वर्षी मिळवलेल्या कलाकृतींची यादी अभिमानाने छापते. तिच्याच खाली दोन ओळी छापाव्यात: पक्क्या नेमणुकीवर किती शिक्षक आहेत आणि तासावर किती. वाचकांनीही, पुढच्या वेळी शाळेची सहल नेताना, तिकिटाच्या खिडकीवर हा प्रश्न विचारावा. उत्तर मिळणार नाही, पण प्रश्न नोंदला जाईल.

सद्गृहस्थांना आम्ही नंतर एक पत्र लिहिले. त्यात आणखी एक हकिकत कळवली. नॅशनल गॅलरीत लिओनार्दो दा विंचीचे ‘खडकांमधील पवित्र मरिया’ हे चित्र आहे. मिलान येथील सान फ्रान्चेस्को ग्रांदे चर्चमध्ये मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या नावाने चालणाऱ्या भाविकांच्या एका बंधुमंडळाने आपल्या वेदीसाठी हे काम 1483 साली लिओनार्दो आणि दे प्रेदिस बंधू यांना दिले. मोबदल्यावरून तंटा झाला. 1490 च्या दशकात कलावंतांनी मिलानच्या ड्यूककडे अर्ज केला, की मरियेच्या ज्या तैलचित्राची किंमत शंभर डुकाट व्हावी त्याचे मंडळ पंचवीसच ठरवीत आहे. विद्वानांचा तर्क असा की ते पहिले चित्र दुसऱ्याच कोणाच्या हाती गेले, तेच आज पॅरिसला आहे. लंडनचे चित्र त्याच्या जागी केलेले दुसरे. हिशेब पुरता मिटायला 1508 उजाडले, म्हणजे करारापासून पंचवीस वर्षे. 1880 मध्ये ते चित्र नॅशनल गॅलरीने विकत घेतले, आणि पुढे त्याच्यासमोर मुलांना जमिनीवर बसवून शिक्षक बोलत राहिले.

सद्गृहस्थांचे पोस्टकार्ड आठ दिवसांत आले. त्यावर एकच ओळ होती: “पण तो लिओनार्दो होता.”

आम्ही उलट टपाली कळवले, की बंधुमंडळाच्या वहीत त्या वेळी तो पंचवीस डुकाटांचा कारागीर होता.